परसदारातील सभागृह : पूर्व लॉस एंजेलिसमधील मांसभाजणी, मित्रमेळा आणि पंक संगीत

संगीताचा इतिहास बहुधा दोन साधनांच्या आधारे लिहिला जातो : एक ध्वनिमुद्रिका आणि दुसरे सभागृहांची दप्तरे. जे संगीत मुद्रित झाले नाही व तिकीटघर असलेल्या जागेत ज्याचा प्रयोग झाला नाही, त्याची नोंद इतिहासात होण्याचा संभव थोडा. कॅलिफोर्निया राज्यातील लॉस एंजेलिसच्या पूर्वेस व दक्षिणेस, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांच्या वस्त्यांत, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून रूढ झालेली परसदारी पंक-मैफल ही अशीच एक संस्था होय. शनिवारची रात्र, घरामागील मोकळी जागा, एका कोपऱ्यात निखाऱ्यांवर भाजले जाणारे मांस, घरातून ओढून आणलेली विजेची तार, पाठोपाठ वाजविणारे चार-पाच वाद्यवृंद, फाटकापाशी गोळा केले जाणारे दोन-चार डॉलर आणि अखेरीस पोलिसांचे आगमन, एवढे तिचे बाह्य स्वरूप. या वर्णनावरून ती तरुणांची हुल्लड वाटणे स्वाभाविक आहे, आणि शेजाऱ्यांना ती अनेकदा तशी वाटलीही. परंतु ज्या वस्त्यांतून उद्याने, रस्ते व नाचघरे एकामागून एक दुरावली, त्या वस्त्यांतील तरुणांनी घरामागे उभारलेले सभागृह या दृष्टीने तिच्याकडे पाहिले असता तिचा इतिहास बराच मागे जातो, आणि त्याचा आरंभ संगीतात नसून अग्नी व जमीन यांत सापडतो.

बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांतील तायनो लोकांच्या भाषेतून 'बार्बाकोआ' या रूपाने स्पॅनिशमध्ये आला. गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराच्या १५२६ मधील ग्रंथात तो आढळतो. मूळ अर्थ काठ्यांची जमिनीपासून उंच केलेली मांडणी असा. महाराष्ट्रात शेतराखणीसाठी बांधतात त्या माळ्याची आठवण व्हावी अशी ती रचना होती. तिच्यावर मांस वा मासळी भाजीत, तशीच ती इतर कामांसही येई. मेक्सिकोत गेल्यावर हाच शब्द जमिनीत खड्डा करून, मागे नावाच्या घायपाताच्या जातीच्या पानांत गुंडाळून मंद आचेवर शिजविलेल्या मांसाला लागला. हुरड्याची आगटी ज्याने पाहिली आहे त्याला ही दुसरी पद्धत पहिलीहून अधिक ओळखीची वाटेल. उत्तर मेक्सिकोत, विशेषतः सोनोरा प्रांतात, गोमांसाचे पातळ काप उघड्या निखाऱ्यांवर भाजण्याची रीत आहे. तिला 'कार्ने असादा' म्हणतात, आणि हे नाव पदार्थाचे तसेच त्यानिमित्त जमणाऱ्या मेळाव्याचेही आहे. या भाजणीसाठी मेस्कीट झाडाचा कोळसा उत्तम समजतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणलेली व पुढे पडीक जमिनींवर बेसुमार माजलेली वेडी बाभूळ ही याच कुळातील. महाराष्ट्रातील कोरडवाहू भागात तिचाही कोळसा पाडतात.

इंग्रजी वसाहतींत या शब्दाला वेगळे, राजकीय वळण लागले. जॉर्ज वॉशिंग्टन याच्या रोजनिशीत १७६९ साली अलेक्झांड्रिया येथे अशा एका मेजवानीस गेल्याची नोंद आहे. पुढे शतकभर अमेरिकेतील निवडणूक-सभा, रेल्वेमार्गांची उद्घाटने, स्वातंत्र्यदिनाचे उत्सव यांच्याशी मैदानात चर खणून केलेली सामुदायिक भाजणी जोडलेली राहिली. म्हणजे बार्बेक्यू हा आरंभी चव्हाट्यावरचा समारंभ होता. तो घरामागे गेला तो विसाव्या शतकात. मिशिगनमधील फोर्ड कंपनीच्या लाकूड-गिरणीतील टाकाऊ लाकडापासून कोळशाच्या वड्या करण्याचा धंदा १९२०च्या दशकात सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांत प्रत्येक घरामागे हिरवळीचा तुकडा आला, आणि १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन याने झाकण असलेली किटलीच्या आकाराची शेगडी बनविली. पाचपन्नास माणसांचा चर एका कुटुंबाच्या शेगडीत मावला.

परंतु हा हिरवळीचा तुकडा सर्वांच्या वाट्यास आला नाही, आणि प्रस्तुत विषयाची खरी गुंतागुंत येथे आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने गृहकर्जांना हमी देताना जी प्रमाणे ठरविली, त्यांत वस्तीची वांशिक एकजिनसता हा गुण मानला होता. १९३९ मध्ये सरकारी गृहकर्ज-संस्थेने तयार केलेल्या नकाशात बॉइल हाइट्स ही वस्ती तांबड्या रंगात, म्हणजे सर्वांत निकृष्ट प्रतीत दाखविली आहे. मेक्सिकन, ज्यू, जपानी, कृष्णवर्णीय असे नाना लोक तेथे एकत्र राहतात, हे त्यामागील एक उघड कारण होते. खरेदीखतांत घातल्या जाणाऱ्या वर्णविषयक अटी न्यायालयांतून बजावता येणार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात निर्णय दिला. तोपर्यंत शहराचा आराखडा पुष्कळसा पक्का झाला होता. नव्या उपनगरांतील परसदार अशा रीतीने सरकारी हमीवर उगवले, तर पूर्वेकडील परसदार जुन्या, लांबट भूखंडांच्या मागील भागात शिल्लक राहिले. त्यात मागाहून बांधलेली खोली, मोटार ठेवण्याची पडवी, कपडे वाळविण्याच्या दोऱ्या, लिंबाचे झाड आणि सिमेंटचा ओटा. हिरवळ असली तर असली.

जेम्स रोहास या नगररचनाकाराने मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्या-संस्थेस १९९१ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात पूर्व लॉस एंजेलिसच्या घरांचा वापर तपासला आहे. रहिवासी अंगणाला कुंपण घालतात, पण ते कुंपण माणसांना दूर ठेवण्यासाठी नसते. उभे राहून बोलण्यासाठी ती एक टेकणी होते, आणि अंगण रस्त्याचा भाग बनते, असे त्याचे निरीक्षण आहे. रोहासचा भर घराच्या दर्शनी बाजूवर होता. तरीही खासगी व सार्वजनिक यांच्यामधील सीमारेषा पुसट होण्याची जी क्रिया त्याने दाखविली, तिचेच दुसरे व अधिक गजबजलेले टोक घरामागे होते, असे म्हणता येईल.

ही सीमारेषा पुसट होण्यास बाहेरची परिस्थितीही कारणीभूत झाली. शाव्हेझ रॅव्हीन या टेकडीवरील मेक्सिकन वस्ती १९५० पासून गृहनिर्माणाच्या नावाखाली उठविण्यात आली. ती योजना बारगळली, शेवटची कुटुंबे १९५९ मध्ये बळाने हलविण्यात आली, आणि १९६२ मध्ये तेथे बेसबॉलचे क्रीडांगण उघडले. त्याच सुमारास अनेक द्रुतगती महामार्गांचा प्रचंड गुंता बॉइल हाइट्सच्या छातीवर बांधला गेला, आणि हॉलनबेक उद्यानाच्या एका बाजूवरून मोटारी धावू लागल्या. त्याच्या पूर्वेची पूर्व लॉस एंजेलिस ही वस्ती तर शहरात मोडतच नाही. स्वतःची नगरपालिका मिळविण्याचे तिचे प्रयत्न १९६१ व १९७४ च्या मतदानांत फसले, २०१२ मध्ये आणखी एक अर्ज नामंजूर झाला. तिचा कारभार जिल्ह्याकडे व बंदोबस्त शेरीफकडे आहे. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम-युद्धाच्या विरोधात वीस ते तीस हजार लोकांचा मोर्चा लगूना उद्यानात जमला असता शेरीफच्या शिपायांनी लाठी व अश्रुधूर यांच्या बळावर तो उधळला, आणि सिल्व्हर डॉलर या उपाहारगृहात बसलेले पत्रकार रूबेन सालाझार अश्रुधुराचे नळकांडे लागून मरण पावले. उद्यानास पुढे त्यांचे नाव देण्यात आले. या घटनेमुळे लोक परसदारात शिरले असा थेट कार्यकारणभाव मांडणे धाडसाचे होईल. तथापि मोठ्या संख्येने उघड्यावर जमण्याची किंमत काय पडते, हे त्या वस्तीने तेथे पाहिले, आणि पुढील दशकात वयात आलेली मुले हे ऐकतच वाढली.

परसदारातील संगीत पंकच्या पूर्वीचे आहे, ही गोष्ट पंकचे इतिहासकार पुष्कळदा विसरतात. १९६०च्या दशकात दी मिडनायटर्स, कॅनिबल अँड द हेडहंटर्स अशा वृंदांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये नृत्यसंगीताची एक भक्कम परंपरा निर्माण केली होती. तिचा विस्तृत वृत्तांत डेव्हिड रेयेस व टॉम वॉल्डमन यांच्या १९९८ मधील ग्रंथात मिळतो. शाळांच्या व्यायामशाळा, चर्चची सभागृहे व कामगार-संघांच्या इमारती हे त्यांचे रंगमंच. १९७३ मध्ये जमलेला लॉस लोबोस हा वृंद तर अनेक वर्षे लग्ने, नामकरणे व घरगुती मेजवान्या यांतच वाजवीत होता. याच वृंदाने मे १९८० मध्ये ऑलिम्पिक ऑडिटोरियममध्ये एका ब्रिटिश वृंदाच्या आधी मेक्सिकन लोकसंगीत वाजविले, तेव्हा पंक श्रोत्यांनी त्यांच्यावर हाती येईल ते फेकून मारले. ज्या पाहुण्यांना भाजलेल्या मांसाच्या ताटासह हे संगीत आवडे, त्यांचीच मुले पुढे पंक वाजवू लागली; त्या सभागृहातील श्रोत्यांना या दोहोंतील नाते ठाऊक नव्हते.

पंक हा प्रकार न्यूयॉर्क व लंडन येथून १९७६-७७ मध्ये लॉस एंजेलिसला आला. तीन सुरावटी, वेगवान ठेका, आणि वाद्यावर प्रभुत्व नसताही रंगमंचावर उभे राहण्याचा हक्क, ही त्याची मुख्य लक्षणे. ब्रेंडन मलेन याने ऑगस्ट १९७७ मध्ये हॉलिवुडमधील एका इमारतीच्या तळघरात 'मास्क' ही जागा उघडली. काही महिन्यांतच, १९७८च्या आरंभी, अग्निसुरक्षेच्या नियमांखाली ती बंद करण्यात आली. १७ मार्च १९७९ रोजी एल्क्स लॉज या सभागृहातील मैफलीत शिरस्त्राणधारी पोलिसांनी शिरून श्रोत्यांना झोडपले. त्यानंतर शहरातील अनेक जागांचे दरवाजे पंक वृंदांना बंद झाले. हॉलिवुडच्या या पहिल्या पिढीत पूर्वेकडील मंडळी नव्हती असे नाही. द बॅग्ज या वृंदाची गायिका ॲलिस बॅग ही पूर्व लॉस एंजेलिसची, आणि टीटो लारीव्हाच्या द प्लग्झ या वृंदाने १९७९ मध्ये स्वतःच्या खर्चाने लांबलचक ध्वनिमुद्रिका काढली होती.

मार्च १९८० मध्ये पूर्वेत 'व्हेक्स' उघडले. भगिनी कॅरन बोकॅलेरो या फ्रान्सिस्कन जोगिणीने १९७०च्या दशकाच्या आरंभी उभारलेल्या सेल्फ हेल्प ग्राफिक्स या मुद्राचित्र-कार्यशाळेच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात, लॉस इलिगल्स या वृंदाचा विली हेरॉन व त्याचे सहकारी यांनी या मैफली भरविल्या. द ब्रॅट, लॉस इलिगल्स, दी अंडरटेकर्स, द स्टेन्स ही नावे येथून पुढे आली. एका जोगिणीच्या आश्रयाने पंक संगीत वाजावे यात जो विनोद आहे तो बाजूस ठेवला तरी, संस्थेने आपली जागा परक्या वाटणाऱ्या पोरांना दिली, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. वर्ष संपण्यापूर्वीच एका मैफलीत त्या जागेची व तेथील कलाकृतींची नासधूस झाली, आणि व्हेक्सला अन्यत्र हलावे लागले. नंतर ते निरनिराळ्या जागांत १९८३च्या सुमारापर्यंत कसेबसे चालले.

येथे एका वादाचा उल्लेख केला पाहिजे. हॉलिवुडने पूर्वेकडील वृंदांना दारात उभे केले नाही, म्हणून व्हेक्स निघाले, अशी एक कथा वृत्तपत्रांतून रूढ झाली. मिशेल हाबेल-पायान यांच्या २००५ मधील ग्रंथाने आणि क्लेअरमाँट येथील २००८च्या 'व्हेक्सिंग' या प्रदर्शनाने तीत चिकाना स्त्रियांचा वाटा प्रथमच नीट पुढे आणला. उलट ॲलिस बॅग हिच्या २०११ मधील आत्मकथनातून हॉलिवुडच्या आरंभकाळाचे चित्र बरेच मिश्र व मोकळे दिसते. पूर्वेतीलच जिमी अल्वाराडो यांसारख्या लेखकांनी तर या कथेच्या व्याप्तीलाच हरकत घेतली आहे. व्हेक्सवर सारा प्रकाश टाकल्याने त्याच्या आधी व नंतर परसदारांत जे वर्षानुवर्षे चालले ते काळोखात राहिले, हा त्या हरकतीचा गाभा. पुराव्याचे वजन या शेवटच्या मताकडे झुकते. व्हेक्स तीन-चार वर्षे चालले. परसदार चाळीस वर्षे. पहिल्याची भित्तिपत्रके संग्रहालयात लागली, कारण त्याला नाव होते व ते कलाकारांच्या इमारतीत होते.

परसदारच का, या प्रश्नाचे एक उत्तर अगदी साधे आहे. शिकागो वा वॉशिंग्टन येथील तरुण वृंदांना घरांची तळघरे उपलब्ध होती. शिकागोच्या पिल्सन वस्तीत १९९१ मध्ये जमलेला, स्पॅनिशमधून गाणारा लॉस क्रूडोस हा वृंद त्या तळघर-परंपरेतला. तेथे थंडीने जमीन खोलवर गोठते, पाया खोल घ्यावा लागतो, आणि मग तळघर आपोआप मिळते. लॉस एंजेलिसमध्ये जमीन गोठत नाही, घरे उथळ पायावर उभी असतात, व तळघर क्वचितच आढळते. पाऊस हिवाळ्यातील थोडे महिने. म्हणून जे संगीत शिकागोत जमिनीखाली गेले ते येथे आकाशाखाली आले, आणि त्यामुळेच ते शेजारच्या दहा घरांना ऐकू जाऊ लागले. पोलिसांशी असलेल्या त्याच्या संबंधाचे अर्धे स्पष्टीकरण भूशास्त्रात व हवामानात आहे.

उरलेले अर्धे अर्थकारणात शोधावे लागते. १९७८ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या तेराव्या प्रस्तावाने मालमत्ताकरावर मर्यादा घातली. शाळांतील संगीतशिक्षण व उद्यानांतील कार्यक्रम यांना त्याची झळ बसली. साउथ गेट येथील फायरस्टोनचा टायर-कारखाना १९८० मध्ये व जनरल मोटर्सचा मोटार-कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. युद्धोत्तर काळात ज्या नोकऱ्यांवर या कुटुंबांनी घरे घेतली होती त्या गेल्या. मुलांच्या हाती उरले ते घर, त्याचे परसदार आणि थोरल्यांकडून शिकलेली गिटार. पुढील दोन दशकांत दक्षिण-मध्य लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची वस्ती वाढली, आणि ही प्रथाही त्यांच्याबरोबर तिकडे पसरली. कागदपत्रांविना राहणाऱ्यांना शाळा व रुग्णसेवा नाकारणारा एकशे सत्त्याऐंशीवा प्रस्ताव १९९४ मध्ये संमत झाला. न्यायालयांनी तो पुढे रोखला खरा. परंतु त्या काळात स्पॅनिशमधून, राजकीय आशयाचे गाणे हे पंक वृंदांचे सर्रास लक्षण होऊन बसले.

मांसभाजणी आणि मैफल या दोन प्रथा मुळात एक नव्हत. 'कार्ने असादा' ही कुटुंबाची: दुपारी सुरू होणारी, आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सर्वांची, निमित्त वाढदिवसाचे वा मुलीच्या पंधराव्या वर्षाच्या सोहळ्याचे. पंक-मैफल ही तरुणांची, रात्रीची, आणि तिला निमित्त लागत नसे. त्या एकत्र आल्या त्या जागेमुळे. परसदार बापाचे असल्याने मुलाला परवानगी मागावी लागे, आणि वाढदिवसाच्या आडोशाने ती सहज मिळे. शेगडी पेटलेलीच असे. मग काका-मामांची दुपार व पोरांची रात्र यांच्यामध्ये असा एक तास येई, जेव्हा एका बाजूस टॉर्टिया शेकल्या जात असत आणि दुसऱ्या बाजूस ढोल-झांजांचा संच सिमेंटच्या ओट्यावर लावला जात असे. या तासाला इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व आहे, कारण अमेरिकेत पंक हे सामान्यतः आईबापांविरुद्धचे बंड म्हणून वर्णिले जाते. येथे ते आईबापांच्या विजेवर चालले. त्यांना ते आवडत होते असे मात्र समजू नये.

अँजेला बोट्राइट हिच्या 'लॉस पंक्स' या २०१६ मधील अनुबोधपटात या व्यवहाराची उत्तरकालीन अवस्था चित्रित झाली आहे. बॉइल हाइट्स, वॉट्स, दक्षिण-मध्य अशा वस्त्यांतील मुले जागा मिळवतात, दारावर पैसे गोळा करतात, वृंदांचा क्रम लावतात, आणि वरून हेलिकॉप्टरचा झोत परसदारावर पडला की सर्वांची पांगापांग होते. मध्येच उधळली जाण्याची शक्यता नेहमीच असल्याने कोणी लांबण लावीत नाही. दंडसंहितेच्या चारशे पंधराव्या कलमान्वये मुद्दाम केलेला मोठा व अवाजवी आवाज हा शांतताभंगाचा गुन्हा ठरतो. पण खटल्यापेक्षा पांगविणे हेच पोलिसांना सोयीचे. दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. पहाटेच्या पाळीला जाणारा शेजारी त्याच कामगार वर्गातला असे, आणि पोलिसांना दूरध्वनी करणारा बहुधा तोच. टोळ्यांच्या वैरातून मारामाऱ्या होत, कधी शस्त्रेही निघत. या मैफलींना निर्मळ बंधुत्वाचे रूप देणारी अलीकडची काही वर्णने म्हणूनच अपुरी वाटतात. स्वयंसेवक दारावर अंगझडती घेत, हीच गोष्ट भय आणि व्यवस्था दोन्हींची साक्ष देते.

गेल्या दशकापासून धोका वेगळ्या दिशेने आला आहे. सेल्फ हेल्प ग्राफिक्सची जुनी इमारत धर्मप्रांताने २००८ मध्ये विकली. संस्था २०११ मध्ये बॉइल हाइट्समध्ये गेली, आणि तेथील भाडेवाढीच्या काळात २०१८ मध्ये तिने आपली नवी जागा विकत घेतली. भाडेकरूंना ते शक्य नव्हते. घरटंचाईवर उपाय म्हणून १ जानेवारी २०१७ पासून राज्याच्या कायद्याने घरामागे दुसरे लहान घर बांधणे सोपे केले. तेव्हापासून लॉस एंजेलिसमध्ये अशी हजारो घरे उभी राहिली आहेत. मोटारीच्या पडवीची खोली होते, ओट्यावर भिंत चढते. वाढत्या भाड्याने पिचलेल्या कुटुंबाला त्या खोलीचे भाडे किंवा लग्न झालेल्या मुलाला मिळणारा आसरा ही लहान गोष्ट नव्हे, आणि मैफलीसाठी जागा मोकळी ठेवा असे त्यांना कोणी म्हणू शकत नाही.

साधनांची अडचण यामुळे अधिक तातडीची झाली आहे. भित्तिपत्रके, कॅसेटी, हाताने छापलेल्या पत्रिका आणि वाजविणाऱ्यांच्या आठवणी एवढीच सामग्री असून ती खासगी पेट्यांत विखुरलेली आहे. त्यातही भित्तिपत्रकांवर वृंदांची नावे असतात, प्रवेशमूल्य असते, क्वचित जवळचा चौक असतो. घराचा पत्ता बहुधा नसतो, कारण तो पोलिसांच्या हाती पडू नये म्हणून आयत्या वेळी तोंडी सांगितला जाई. त्या रात्रींचे पत्ते नेमाने लिहून ठेवणारे दप्तर एकच होते, ते तक्रारी नोंदविणाऱ्या पोलीस-कचेरीचे. आणि अशा नित्याच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे.